नाल्यापलीकडचा तिसरा दगड

सुकलालनानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच भिंतीवर हातोडी मारताना. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलो, तर पंच्याहत्तरीचा एक काटकुळा म्हातारा, डोक्यावर मळकी टोपी, हातात लांब दांड्याची हातोडी, माझ्या नव्या कोऱ्या कंपाउंडवर टक् टक् करतोय आणि कान लावून ऐकतोय.

"ओ बाबा, काय चाललंय?"

"पोकळ शे," ते म्हणाले. "आनि नऊ इंच बाहेर शे. तू मोजनीवाला ना?"

हो, मी मोजणीवाला. भूकरमापक. नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या हद्दी माझ्या टेपखालून गेल्यात. आणि माझी स्वतःची भिंत गल्लीत नऊ इंच पुढे आलीय हे मला ठाऊक होतं, गवंड्याला ठाऊक होतं, बायकोलाही ठाऊक होतं. तोंडावर सांगणारा हा पहिलाच. मी चिडलो. तुम्हाला काय करायचंय, असं काहीतरी बोललो. नाना माझ्या दुप्पट चिडले. "माले काय करनं? मन्हा रोजना रस्ता शे हाऊ!" समोरच्या ओट्यावर बायका मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आमची ओळख झाली ती अशी.

नाना रेल्वेतून कीमन म्हणून निवृत्त झालेले. कीमन म्हणजे आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासणारा माणूस. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की त्या ठोकून घट्ट करायच्या, तडा दिसला तर लाल झेंडी लावायची, आणि संध्याकाळी मुकादमाला सांगायचं, सब ठीक. एवढंच काम, पण पस्तीस वर्षं. त्यामुळे दोन गोष्टी त्यांच्या अंगात कायमच्या बसल्या. एक म्हणजे चाल. एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय पडावा तशी आखूड, सारखी पावलं. डांबरी रस्त्यावर, बाजारात, मयताच्या मागे, सगळीकडे तीच. दुसरी हातोडी. दिसेल ते ठोकून बघायचं. नगरपालिकेने चौकात खांब उभा केला तर जाऊन टक्. माझी स्कूटर, टक्. पुतणीच्या लग्नात मांडवाचा खांब ठोकला आणि मांडववाल्याला एवढ्या शिव्या घातल्या की त्याने खरोखर खांब बदलून दिला.

"लोखंड खोटं बोलत नही," ते म्हणायचे. "मानसंच बोलतस."

हा माणूस सतत रागावलेला असे. ओरडायचा नाही फारसा. पण चहात साखर जास्त पडली इथपासून ते आगगाडी उशिरा आली इथपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांना कोणीतरी जाणूनबुजून केलेली वाटायची. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय! मग कळलं की बऱ्याच गोष्टी खरोखरच कोणीतरी जाणूनबुजून केलेल्या असतात. आपण रागवायचं विसरलेलो असतो.

स्वतःवरही त्यांचा एक राग होता. दंडावरचा पितळी बिल्ला. गँगचा, म्हणजे रुळावरच्या कामगारांच्या टोळीचा, आणि स्वतःचा नंबर कोरलेला तो बिल्ला त्यांनी नोकरीत असतानाच हरवला होता आणि साहेबाला सांगितलं होतं, नदीत पडला. मेमो मिळाला, सगळ्या गँगसमोर माफी मागावी लागली. "मेमोनं काही नही," ते डावा दंड चोळत म्हणायचे. "पन मी खोटं बोलनू." कुठे पडला म्हणून विचारलं की विषय बदलायचे.

नवापूरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे, त्यांच्या जुन्या वाट्यातला रूळमार्ग एका मोठ्या वळणाने जायचा. दुसरी लाईन टाकताना रेल्वेने वळण काढून मार्ग सरळ नेला. जुन्या वळणावरचे रूळ उचलले, स्लीपर उचलले, नुसता खडीचा भराव उरला. नाना दर रविवारी बस धरून तिथे जायचे. गाडी नाही, रूळ नाही, आणि हा माणूस भरावावरून आखूड पावलं टाकत हरवलेल्या खुणा शोधतोय. कुठे मैलाचा दगड, कुठे चढ दाखवणारा खांब, कुठे गवतात पडलेली पाटी. सापडली की हातोडीने टक्, मग पिशवीतल्या वहीत नोंद. "रूळ विकी टाका," म्हणायचे, "पन रस्ता आठेच व्हता, हाई तरी ऱ्हावाले पाहिजे." दोनतीनदा मीही गेलो. रविवारी घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं.

भरावावर एका ठिकाणी गोल पिवळी पाटी अजून उभी आहे. तिच्यावर 'सी/फा' अशी अक्षरं. पुढे फाटक आहे, सीटी वाजवा, असा ड्रायव्हरला हुकूम. फाटक कधीच गेलंय, तिथे आता बाभळी आहेत. पण नाना पाटीजवळ थांबायचे, दोन बोटं तोंडात घालायचे आणि अशी काही शिट्टी मारायचे की खालच्या झुडपातले तितर उडायचे. मी हसलो तर म्हणाले, "पाटी सांगी ऱ्हायनी ना? मंग? फाटकवर कोनी नही हाई तुले आठून काय दखास?"

पाटीच्या थोडं पुढे, भरावाच्या उताराला सात घरांचा एक पाडा आहे. कुडाच्या भिंती, वर कौलं. तिथली माणसं सातपुड्यातून खाली आलेली, त्यालाही तीसेक वर्षं झाली. दिवाळी झाली की पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परततात. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो तेव्हा पाडा ओस होता आणि सातही दारांवर कागद चिकटवलेले होते. रेल्वेच्या हद्दीत अतिक्रमण, पंधरा दिवसांत जागा खाली करा.

नानांनी चष्मा पुसून कागद वाचला. मग दुसऱ्या दाराचा वाचला. सातही वाचले, जणू एखाद्यावर वेगळं काही लिहिलेलं असेल.

माणसं घरी नाहीत हे माहीत असताना पंधरा दिवसांची नोटीस! उसाच्या फडात वाकलेल्या बाईला ती कोण वाचून दाखवणार होतं? आणि शब्द कोणता, तर अतिक्रमण. माझ्या नऊ इंचांना हा शब्द कधी कोणी लावला नाही, कारण मी मोजणीवाला. शहाद्यापासून नवापूरपर्यंत नाल्यात उभे राहिलेले बंगले मी स्वतः मोजलेत, त्यांना आम्ही कागदावर 'वापरात फरक' म्हणतो. बेशरमपणाची हद्द आहे, आणि ती हद्द मात्र कोणी मोजत नाही!

नानांनी सातही कागद अलगद सोडवून पिशवीत ठेवले आणि मला म्हणाले, "बठ आठे."

मोहाच्या झाडाखाली बसलो. आणि मग नानांनी ते सांगितलं.

रेल्वेच्या हद्दीवर दगड असतात. इथे, वळणावर, तीन होते, भरावापासून चांगले चाळीस फूट खाली, खाडीत म्हणजे खोल घळीत, काटेरी झुडपांत. दर वर्षी मोठे साहेब ट्रॉलीवर बसून तपासणीला यायचे. त्याआधी गँगने प्रत्येक खांब, प्रत्येक दगड चुन्याने पांढराफटक करायचा, असा रिवाज. एका वर्षी फक्त एक दिवस हातात होता. खाडीत गवत माणूसभर, आदल्या आठवड्यातच एकाला साप चावलेला. मुकादम म्हणाला, साहेब काय दगडापर्यंत उतरणार आहे का? दगडच वर घेऊन या.

"आनि आम्ही लई उनूत," नाना म्हणाले. "तिन्ही दगड. मी सोता खड्डा खोदा. साहेब ट्रॉलीवरून गया, पांढरा दगड दखीसन खूश व्हयना. मंग कोनी दगड परत न्ह्यात नही."

"आणि बिल्ला?"

"त्याच दिशी हारपना. कोनता खड्डामा पडना, आजपावत माहीत नही. सांगतू कसं? दगड हालाडात हाई बी सांगनं पडतं."

त्यानंतर दोन वर्षांनी डोंगरातून एक म्हातारा आपली माणसं घेऊन खाली आला. पलीकडची जमीन पडीक, गावाची हरकत नव्हती. त्याने नानांना विचारलं, दादा, तुमची हद्द कुठपर्यंत? नानांनी ऐटीत त्या चुन्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. दगडाच्या पलीकडे दोन हात सोडून त्या लोकांनी घरं बांधली. एक वीतही आत आले नाहीत. आणि नकाशावर मात्र खरी हद्द त्यांच्या घरांच्याही खाली, खाडीत.

"त्यासनी अतिक्रमण करं नही," नाना म्हणाले. "मी करं. मी!"

मी त्यांना कायदा सांगितला. हलवलेला असो की नसो, तो दगड अजून जागेवर सापडला तर निदान एवढं सिद्ध होईल की या लोकांनी एक खूण बघून घरं बांधली. नुसत्या तोंडी बोलण्याला किंमत नाही. पण रूळ उचलताना जेसीबीने पाड्याजवळचे दोन दगड उपटून नेले होते. तिसरा नाल्यापलीकडे होता. असला तर.

त्या उपटलेल्या दगडांतला एक आम्हाला पुढच्याच रविवारी दिसला. हमरस्त्यालगत एका ठेकेदाराचं फार्महाऊस आहे, त्याच्या फाटकापाशी आडवा टाकलेला, वर तुळशीची कुंडी. दगडावरचा कोरलेला आकडा वर केलेला, शोभेसाठी. नानांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली, हातोडीने दगड वाजवला आणि मालकाला बाहेर बोलावलं. मालक नम्र होता. म्हणाला, "बाबा, अँटिक पीस आहे, आवडला म्हणून ठेवला." नाना म्हणाले, "मन्हा हातोडीनंबी अँटिक आवाज ऐकाना शे का?" मी मध्ये पडून त्यांना ओढत नेलं. जागेवरून निघालेल्या निशाणीचा मोजणीत काडीचा उपयोग नसतो, हे मी रस्ताभर त्यांना समजावत होतो आणि ते रस्ताभर मला शिव्या देत होते.

तिसरा दगड शोधायला चार रविवार लागले. नाल्यापलीकडे घाणेरीचं रान माजलेलं. नानांनी 'सी/फा'च्या पाटीपासून पावलं मोजली, तीच आखूड पावलं. प्रत्येक वेळी आठवणीतल्या आकड्याला पाय एकाच जागी थांबले, आणि तिथे दगड दिसेना. चौथ्या रविवारी ते गुडघ्यांवर बसले आणि जमीनच ठोकायला लागले. टक्. टक्. मातीचा बद्द आवाज. पुन्हा टक्. मग एकदम वेगळा, खणखणीत. हाताने माती उकरली तर वीतभर खाली दगडाचं डोकं. चुन्याचा एक पापुद्रा अजून कोपऱ्याला चिकटलेला.

म्हाताऱ्याने त्या दगडाला एवढ्या घाण शिव्या घातल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

होळीच्या आधी पाड्यावरची माणसं परतली. त्यांच्यात बोलणारी होती रतनीबाई, त्या पहिल्या म्हाताऱ्याची सून. मी रदबदली करून नोटिशीची मुदत वाढवून घेतली होती आणि मोजणी लावून घेतली होती. आदल्या दिवशी नानांनी तिला जाऊन सांगितलं की उद्या मी सगळं खरं बोलणार, दगड मीच हलवला म्हणून. रतनीबाईने हातातलं सूप आपटलं.

"तुम्ही बोलाल अन् मोकळे व्हाल," ती म्हणाली. "खरी हद्द खाली आहे म्हणाल तर आमची घरं रेल्वेतच गेली ना! सासऱ्याला तुम्हीच बोट दाखवलं. आता तेच बोट आमच्याकडे करता?"

मलाही तेच वाटत होतं. म्हणालो, "नाना, गप्प राहा. दगड आहे, तेवढं पुरे."

नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. माझी भिंत वाजवताना होती तीच. "मी गप ऱ्हायनू तं उद्या म्हनतीन, यासनीच दगड सरकाडा. घर गयं तं दुसरं बांधता ई. चोर म्हनीसन लिखं तं ते कशाघाई पुसशी?"

रतनीबाई आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्या पाड्यावर तसं कधी होत नाही.

मोजणीच्या दिवशी रेल्वेचे साहेब आले, गावचे पंच आले, नकाशा उघडला, टेप धरली. नाल्यापलीकडचा दगड नकाशातल्या जागेपासून चाळीस फूट आत भरला. साहेबांनी एक मिनिट विचार केला नाही. "दगड हलवलेला आहे. या लोकांनीच हलवला असणार. लिहून घ्या."

आणि मी लिहायला लागलो. हो, मी. इतक्या वर्षांची सवय. साहेब बोलले की माझा पेन आपोआप चालतो. 'सदर निशाणी अतिक्रमणधारकांनी' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा पॅडवर नानांची हातोडी येऊन टेकली.

"खोडी टाक," नाना म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "दगड मी हालाडा. गँगनी हालाडा. तुमना मोठा साहेबले दिसाले पाहिजे म्हनी हालाडा."

साहेब हसले. वय झालंय बाबांचं, असं मला म्हणाले. नाना म्हणाले, दगड तिरपा होऊ नये म्हणून खाली चाव्या घातल्यात, खोदा. साहेब घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा रतनीबाईने शेजारच्या पोराच्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतः खणायला लागली.

दोन हात खाली गंजलेल्या चाव्या निघाल्या, चारपाच, एकमेकींना चिकटलेल्या. साहेब म्हणाले, "भंगार आहे. इथे कोणीही टाकेल." रतनीबाई थांबली नाही. तिला राग आला होता. साहेबांवर की नानांवर, कोण जाणे. आणखी चार घाव घातले आणि कुदळीला काहीतरी चपटं लागलं. तिने ते पदराला पुसलं, बघितलं, आणि साहेबांना न देता नानांच्या हातावर ठेवलं.

पितळ हिरवं पडलं होतं. नानांनी अंगठ्याने घासलं. गँग सहा, आणि खाली त्यांचा नंबर. तोच नंबर त्यांच्या निवृत्तीच्या कार्डावर होता, आणि कार्ड नानांनी सकाळीच खिशात आणलेलं. दोन्ही वस्तू त्यांनी साहेबांसमोर धरल्या.

मी कागद फाडला आणि नवा घेतला. रेल्वेच्या कामगारांनी पूर्वीच हद्दीचा दगड सरकवला, त्याच खुणेवर विसंबून सदर कुटुंबांनी घरे बांधली. माझ्या नोकरीत मी एवढं स्वच्छ अक्षर कधी काढलं नव्हतं. साहेबांनी सही केली, कारण पंच बघत होते. मग बिल्ला पुरावा म्हणून पाकिटात घालायला हात पुढे केला, तर नानांनी मूठ मिटली.

"पावती द्या."

"अहो बाबा, एका बिल्ल्याची पावती?"

"मागला वखत हारपना तं माले मेमो दिन्हा. आते तुम्ही हारपशात. पावती द्या, त्याशिवाय देस नही!"

पावती मिळाली. ती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली.

सात नोटिसा मागे घेतल्या गेल्या. जागेचं काय ते नंतर ठरवू, असं उत्तर आलं. ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही. पण घरं उभी आहेत, आणि कागदावर तो शब्द नाही. नाना त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गेले, झोपेत, कोणाला शिव्या न देता. मी माझी भिंत पाडून नऊ इंच आत घेतली. बायकोने खर्चाबद्दल बरंच ऐकवलं.

मोजणीच्या दिवशी सगळे गेल्यावर नानांनी पिशवीतून चुन्याचा डबा काढला. तोवर मीच त्यांना दगडाला हात लावू देत नव्हतो, ताजा चुना दिसला तर संशय घेतील म्हणून. आता त्यांनी दगड चारी बाजूंनी रंगवला, सावकाश, कोपऱ्यांसकट. रतनीबाई पाण्याचा लोटा घेऊन आली. नानांसमोर धरला आणि तोंड दुसरीकडे करून उभी राहिली. नाना प्याले.

मग आम्ही भरावावरून परत निघालो. नाना पुढे, मी मागे. पिवळी पाटी आली. नाना थांबलेच नाहीत, सरळ पुढे गेले. मला वाटलं, विसरले.

"नाना, पाटी!"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"तू वाजाड. आते तुन्हा वाटा शे."

मी दोन बोटं तोंडात घातली. नुसती फुर्र हवा निघाली. पुन्हा घातली. शेवटी बोटं काढली आणि जीव खाऊन नुसताच ओरडलो, बाभळींच्या दिशेने, जिथे कोणी नव्हतं. पुढे नानांची पावलं तशीच पडत होती, आखूड, सारखी.